कडक इस्त्रीचा आग्रह कोणासाठी?

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. माणसाची पहिली ओळख त्याच्या पोशाखावरून होते, ही गोष्ट खरीच आहे. आणि नोकरीवर जगणाऱ्या पांढरपेशा वर्गाइतकी ती दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? मुलाखतीच्या आदल्या रात्री गादीखाली घडी घालून ठेवलेली विजार, लग्नासाठी भट्टीला दिलेला सदरा, पदवीदान समारंभासाठी मावसभावाकडून मागून आणलेला कोट, या गोष्टी कधीच घडल्या नाहीत असे घर मराठी मध्यमवर्गात विरळाच. कपडा हा या वर्गाच्या अब्रूचा प्रश्न आहे आणि त्यात हसण्यासारखे काही नाही.

मात्र या म्हणीत एक न्यून आहे. तिच्यात कपड्याचा निवाडा करतो तो पाहणाऱ्याचा डोळा. तो कपडा ज्याच्या अंगावर आहे त्याच्या त्वचेला तिच्यात जागा नाही. बहुतेकांचे त्यावाचून अडत नाही; कारण बहुतेकांची त्वचा अंगावरच्या कपड्याला पाच-दहा मिनिटांत विसरते. ज्यांची त्वचा विसरत नाही अशा माणसांविषयी येथे लिहावयाचे आहे. स्वमग्नता, म्हणजे वैद्यकशास्त्र ज्याला ऑटिझम म्हणते, ती अवस्था घेऊन जन्मलेल्या अनेक व्यक्तींना कडक कॉलर, जरीचा काठ, मानेशी शिवलेली चिठ्ठी, घट्ट बूट या गोष्टी नुसत्या गैरसोयीच्या नसतात, असह्य असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात दर १२७ व्यक्तींमागे सुमारे एक व्यक्ती स्वमग्न होती. त्या सर्वांनाच स्पर्शाचा त्रास होतो असे नाही. तरीही हा प्रश्न चार घरांपुरता नाही, हे या आकड्यावरून ध्यानी यावे.

स्वमग्नता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लहान मूल उभे राहते. वस्तुतः स्वमग्न मूल मोठे होते तेव्हा ते स्वमग्न प्रौढ होते. ते पदवी मिळवते, मुलाखतीला जाते, बहिणीच्या लग्नात पाहुण्यांच्या स्वागताला उभे राहते आणि कधी स्वतःही बोहल्यावर चढते. या प्रत्येक प्रसंगी त्याला घरातून एकच गोष्ट सांगितली जाते : 'आज तरी नीट कपडे घाल.' या 'आज तरी'मध्ये पुष्कळ काही दडलेले आहे. रोजच्या धुऊन विटलेल्या मऊ सदऱ्यात तो माणूस कसाबसा निभावून नेतो. जो दिवस महत्त्वाचा, ज्या दिवशी लोकांच्या नजरा त्याच्यावर खिळावयाच्या आणि ज्या दिवशी त्याला आपली सर्व शक्ती एकवटावयाची, नेमक्या त्याच दिवशी त्याच्या अंगावर सर्वांत त्रासदायक वस्त्र चढविले जाते.

'सवय होईल'

नवा सदरा काढून फेकणाऱ्या मुलाला आत्या, मावशी, आजी सगळ्या एकमुखाने सांगतात, 'अरे, थोडा वेळ अंगात राहू दे, सवय होईल.' हे वाक्य मायेचे आहे आणि प्रत्येकाच्या अनुभवाला उतरलेले आहे. नवी वहाण चावते, चार दिवसांनी चावेनाशी होते. चष्मा नाकावर आहे हे विसरून माणूस घरभर चष्मा शोधत फिरतो. एकच संदेश वारंवार येऊ लागला आणि त्यात धोका नाही असे ठरले की मेंदू त्याकडे काणाडोळा करतो. मज्जासंस्थेचा हा आपल्यावर मोठाच उपकार आहे; नाही तर अंगातल्या कपड्यापलीकडे माणसाला दुसरा विषयच उरला नसता.

अनेक स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत नेमका हा काणाडोळाच नीट होत नाही. २०१५ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी स्वमग्न मुलांच्या हाताला खरखरीत लोकरीचा स्पर्श करून व जोडीला त्रासदायक आवाज ऐकवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. ज्या मुलांची संवेदनशीलता तीव्र होती त्यांच्या मेंदूतील भीतीशी निगडित भाग अधिक उद्दीपित झालेला दिसला, आणि तोच स्पर्श पुनःपुन्हा होऊनही तो प्रतिसाद इतर मुलांप्रमाणे ओसरला नाही. म्हणजे 'सवय होईल' हे आपण ज्या गोष्टीच्या भरवशावर म्हणतो तीच गोष्ट येथे उणी आहे. त्या मुलाला दहाव्या मिनिटाला जो सदरा टोचत होता तो तिसऱ्या तासालाही तितकाच टोचत असतो.

ही गोष्ट शास्त्राच्याही उशिरा लक्षात आली, हे येथे नमूद केले पाहिजे. लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेचा अभ्यास सुरू केला. मोठ्या आवाजांची त्या मुलांना वाटणारी भीती त्यांनी तेव्हाच टिपली होती. परंतु पुढे अनेक दशके वैद्यकाचे सारे लक्ष मुलाच्या बोलण्यावर आणि इतरांत मिसळण्यावर खिळून राहिले. संवेदनांची अतितीव्रता वा मंदता हे एक लक्षण म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत दाखल झाले ते २०१३ साली. मध्ये तब्बल सत्तर वर्षे गेली. त्या काळात शिकलेल्या शिक्षकांना आणि डॉक्टरांना हे कोणी शिकविले नाही, यात त्यांचा दोष नाही. आज मात्र तशी सबब सांगता येणार नाही.

डॉक्टरांच्या आधी ही गोष्ट सांगितली ती ज्यांना ती भोगावी लागत होती त्यांनीच. १९४७ साली जन्मलेल्या आणि पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका म्हणून नावाजलेल्या अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न आहेत. लहानपणी रविवारी चर्चला जाताना घालावा लागणारा खरखरीत परकर म्हणजे उघड्या नसांवर पॉलिश पेपर घासल्यासारखा वाटे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. मोठ्यांना वाटे, मुलगी देवाच्या दारात नीट वागत नाही. मुलीला देवाशी काहीच कर्तव्य नव्हते. तिचे भांडण परकराशी होते. पुढे त्यांनी स्वतःचा असा एक पोशाख ठरवून टाकला : भरतकाम केलेला, गुराख्यांच्या धर्तीचा सदरा आणि गळ्याशी रुमाल. त्यांच्या जीवनावरील चित्रपटाला २०१० साली एमी पारितोषिके मिळाली, त्या झगमगाटी समारंभातही त्या याच वेषात होत्या, आणि सभागृहाची अप्रतिष्ठा झाल्याचे कोठे ऐकिवात नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. स्वमग्न माणसाला सैल कपडेच हवेत असा नवा ठोकताळा बसविणे चुकीचे ठरेल. काहींना हलका, गुदगुल्या केल्यासारखा स्पर्श नकोसा होतो, पण घट्ट दाब मात्र शांतविणारा वाटतो. ग्रँडिन यांनी तर तरुणपणी दोन्ही बाजूंनी शरीराला दाब देणारे एक यंत्रच स्वतःसाठी बनविले होते. तेव्हा एखाद्याला फेट्याचा ताण डोक्यावर मुळीच सोसणार नाही आणि दुसऱ्याला तोच फेटा आधारासारखा वाटेल. घट्ट नेसलेली नऊवारी एखादीला सहज सोसवेल आणि खांद्यावरून भुरभुरणारा जॉर्जेटचा पदर तिला हैराण करील. काहींच्या बाबतीत संवेदना उलट मंद असतात. सदऱ्याचे बटण तुटले आहे, कॉलर एका बाजूने आत मुडपली आहे, हे त्यांना जाणवतच नाही आणि लोक त्यांना गबाळे म्हणून मोकळे होतात. घालणाऱ्याला विचारल्याशिवाय यातले काहीच कळण्याचा मार्ग नाही. आपण विचारत नाही, ही खरी अडचण आहे.

या सगळ्याची किंमत कोठे मोजावी लागते? मुलाखतीच्या खोलीत. उमेदवार हुशार असतो, विषय त्याला उत्तम येत असतो. पण त्याचे अर्धे चित्त मानेभोवतीच्या कॉलरीशी झुंजत असते. तो वारंवार गळ्याशी बोट घालतो, खुर्चीत चुळबुळ करतो, प्रश्न पुन्हा विचारावयास सांगतो. समोरचे तज्ज्ञ शेऱ्याच्या रकान्यात लिहितात : आत्मविश्वासाचा अभाव. कॉलरीचा उल्लेख त्या रकान्यात कधीच येत नाही.

कापड, शिवण आणि शिंपी

हा प्रश्न सुटण्यासारखा आहे असे म्हणावयाचे कारण असे की टोचणे ही नुसती मनाची समजूत नव्हे. तिला मोजमाप आहे. लोकरीचा तंतू सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा जाड असला आणि कापडात अशा जाड तंतूंचे प्रमाण शेकडा पाचांहून अधिक झाले की ते कापड सर्वसामान्य माणसाच्याही त्वचेला टोचू लागते. तलम मेरिनो लोकरीचे तंतू याहून पुष्कळ बारीक असतात, म्हणून ती टोचत नाही. सुती धागा प्रमाणित हवामानात आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. मे महिन्यात नागपूरच्या मंगल कार्यालयात टेरिकॉटचा सदरा घालून उभ्या असलेल्या कोणालाही हा फरक आकड्यांवाचून कळतो. आपण सारे तो सोसतो. स्वमग्न माणूस तो सोसू शकत नाही, एवढेच.

आता आपण ज्याला समारंभाचा पोशाख म्हणतो त्याचे एकेक अंग पाहू. कॉलरला ताठपणा येतो तो आत घातलेल्या बकरमामुळे. हे बकरम पातळ घालता येते, मऊ घालता येते किंवा मुळीच न घालता उभी मऊ पट्टी लावता येते. बंद गळ्याचा जोधपुरी कोट आणि बिनकॉलरचा सदरा हे दोन्ही आपल्याकडे टायइतकेच प्रतिष्ठित आहेत. त्यांपैकी बंद गळा मानेला करकचतो, सदरा करकचत नाही. तयार कपड्यांच्या मानेशी असलेली चिठ्ठी नायलॉनच्या बारीक दोऱ्याने शिवलेली असते. ती कात्रीने कापली तर उरलेली टोके पूर्वीपेक्षा जास्त टोचतात. शिवण उसवून ती समूळ काढावी लागते. शिवणीच्या कडांवर घातलेले ओव्हरलॉक काखेत आणि कमरेशी घासते. तेथे कडा आत दुमडून शिवल्या तर ते घासणे थांबते. पायमोज्याच्या बोटांवरील जाड शिवण बुटात रुतते. मोजा उलटा करून घातला तर कोणाला दिसतही नाही.

जरीचे प्रकरण याहून मनोरंजक आहे. हातमागावरील अस्सल पैठणीत पदराची व काठाची नक्षी रंगीत धागे एकमेकांत गुंफून विणली जाते, त्यामुळे तिची उलटी बाजू सुलट्या बाजूसारखीच साफ असते. मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. यंत्रावर विणलेल्या पुष्कळशा जरतारी वस्त्रांत मात्र नक्षीचे धागे मागच्या बाजूने सुटे धावतात आणि नेमकी तीच बाजू अंगाला लागते. येवल्याच्या आणि पैठणच्या विणकरांनी उलट्या बाजूचीही काळजी घेतली, ही त्यांची कारागिरी. आपण मात्र साडी विकत घेताना ती दुकानदाराने उलगडून दाखविलेल्या बाजूवरूनच पसंत करतो. अर्थात अस्सल पैठणी प्रत्येकीच्या ऐपतीची नाही. पण ब्लाउजच्या बाहीवरचा जरीचा काठ काढून टाकणे, किंवा त्याला आतून मलमलीचे अस्तर लावणे, हे कोणालाही परवडण्याजोगे आहे.

कांजीविषयी तर बोलावयासच नको. नवे कापड दुकानातून खळीसकट येते, ते आपण पुन्हा खळ घालून कडक करतो आणि त्यावर इस्त्री फिरवून त्या कडकपणाला रुबाब म्हणतो. खादीचेही तसेच. कोरी खादी भरड असते, पण वीस-पंचवीस वेळा धुतली की तिच्यासारखे मऊसूत वस्त्र नाही. तेव्हा समारंभाचा कपडा समारंभाच्या आदल्या दिवशी आणू नये. दोन-तीन महिने आधी आणावा, पुष्कळ वेळा धुवावा, घरी आधी दहा मिनिटे, मग अर्धा तास घालून पाहावा. आत जुना, अंगाशी रुळलेला बनियन असू द्यावा. एक सदरा सोसतो असे कळले की त्याच कापडाचे आणखी दोन शिवून ठेवावेत. दुकानात गेल्यावर डोळ्यांआधी हाताला निवड करू द्यावी. रंग नंतर पाहता येतो. आणि या सर्व कामी गल्लीतला शिंपी हा कोणत्याही मोठ्या दुकानापेक्षा अधिक उपयोगी आहे, कारण त्याला 'येथे बकरम नको' असे सांगता येते.

यात काही विलायती शोध आहे असे समजण्याचे कारण नाही. तान्ह्या मुलाचे पहिले झबले आणि दुपटे कोऱ्या कापडाचे करू नये, आजीच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे करावे, हे आपल्या घराघरांतील बायकांना कोणी शिकविले नव्हते. जे बोलू शकत नाही त्या जिवाच्या त्वचेचा विचार त्यांनी केला होता. मूल बोलू लागले, आणि 'टोचते' असे स्वतःच्या तोंडाने सांगू लागले, की मात्र आपण त्यावर विश्वास ठेवण्याचे थांबवतो.

सूट नव्हे, सोय

यावर काही उदार मंडळी म्हणतील, 'मग त्याला हवे ते घालू द्या ना. पायजमा-बनियनमध्ये येऊ द्या.' हा उदारपणा मला पटत नाही. चारचौघांत नीटनेटके दिसावे, आपल्यामुळे यजमानाला खाली पाहावे लागू नये, ही इच्छा स्वमग्न माणसालाही असते. सर्वांनी नटून यावे आणि त्याला तेवढे वगळावे, या सवलतीत त्याला समारंभाबाहेर ठेवण्याचीच सोय अधिक आहे.

ठरलेला पोशाख नाकारून समारंभाला जाणारी थोर माणसे आपल्या इतिहासात आहेत. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले होते. १९३१ साली गांधीजी बकिंगहॅम राजवाड्यात पंचा आणि शाल या वेषात गेले. परंतु त्या दोघांना आपल्या वेषातून राजसत्तेला काही सुनवावयाचे होते. आपल्या या तरुणाला कोणालाच काही सुनवावयाचे नाही. त्याला फक्त इतरांच्या रांगेत, इतरांसारखाच, त्या समारंभाला बसावयाचे आहे.

ते साधावयाचे तर औपचारिक पोशाखातील कोणता भाग आदराचा आणि कोणता नुसत्या परिपाठाचा, हे वेगळे करावे लागेल. स्वच्छता, टापटीप, प्रसंगाला शोभणारा रंग, अंगभर वस्त्र हा आदराचा भाग आहे. तो स्वमग्न माणूसही सांभाळू शकतो आणि त्याने सांभाळावा. बकरम, खळ, टाय, चामड्याचे बंद बूट हा परिपाठाचा भाग आहे आणि परिपाठ बदलत आलेला आहे. जुन्या शाळांच्या सामूहिक छायाचित्रांत मास्तर लोक पगडी, उपरणे आणि लांब कोट घालून बसलेले दिसतात. पुढे धोतर गेले, विजार आली. मग बुशशर्ट आला, आणि विजारीत न खोवलेल्या त्या आखूड बाह्यांच्या सदऱ्यावर कारकुनांच्या कैक तुकड्यांनी नोकऱ्या पुऱ्या केल्या. १९७०च्या दशकात सफारी आला, त्याच्या उघड्या गळ्याला टाय नव्हता, तरी तो घालून अधिकारी मंत्र्यांसमोर बसत. या बदलांनी आदर कमी झाला असे कोणी म्हटले नाही. (सफारीचे कापड बहुधा टेरिकॉट असे, ही गोष्ट वेगळी.)

नियम आणि त्यांना चढणारी खळ

राज्य शासनाने ८ डिसेंबर २०२० रोजी आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाविषयी परिपत्रक काढले. जीन्स व टी-शर्ट नकोत, कार्यालयात स्लिपर नकोत, आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी असे त्यात म्हटले होते. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांसाठी असेच निर्देश दिले : स्त्रियांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, पुरुषांनी सदरा विजारीत खोवून. या दोन्हींमागील हेतूबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. शिक्षक नीटनेटका असावा हे कोणाला अमान्य आहे? परंतु सदरा खोवला की कमरेशी कापडाचा बोळा होतो आणि त्यावर पट्टा आवळला जातो, ही गोष्ट नियम लिहिणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही, आणि ज्याला ती रोज सात तास सोसावयाची त्याने ती कोणाला सांगावी याची तरतूद नसते. शिवाय वरून निघालेला कागद खालच्या कचेरीत पोहोचेपर्यंत त्याला खळ चढत जाते, हा आपला नेहमीचा अनुभव. वरच्याने 'शोभेसा' म्हटले की खालचा टाय आणि काळे बूट मागतो.

नियम वाकत नाहीत असे मात्र नाही. वकिलांच्या काळ्या कोटाएवढा सक्तीचा पोशाख दुसरा नसेल. तरी सर्वोच्च व उच्च न्यायालये सोडून इतर न्यायालयांत उन्हाळ्यापुरती त्या कोटाची सक्ती नसते, अशी तरतूद बार कौन्सिलच्या नियमांतच आहे. मे २०२० मध्ये महामारीच्या काळात दूरदृश्य सुनावणीसाठी सर्वोच्च न्यायालयाने कोट आणि गाऊन दोन्ही माफ केले, आणि न्यायदान थांबले नाही. २०१४ साली चेन्नईतील एका क्लबात वेष्टी नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना प्रवेश नाकारला गेला, तेव्हा तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून अशी अडवणूक बंद केली. पदवीदानाच्या झग्याचीही तीच कथा. एप्रिल २०१० मध्ये भोपाळच्या समारंभात जयराम रमेश या केंद्रीय मंत्र्यांनी तो भर व्यासपीठावर उतरवून ठेवला, आणि २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याऐवजी हातमागाचे कपडे वापरण्यास विद्यापीठांना सांगितले. हवामानासाठी, महामारीसाठी, परंपरेच्या आणि स्वदेशीच्या अभिमानासाठी नियम बदलता येतो. तो एखाद्याच्या त्वचेसाठी बदलता येऊ नये, हे विचित्र आहे.

कायद्याचा आधारही आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा स्वमग्नतेला दिव्यांगत्वात गणतो. शासकीय नोकऱ्यांतील राखीव चार टक्के जागांपैकी स्वमग्नता ज्या गटात येते त्या गटासाठी एक टक्का ठेवतो. आणि दिव्यांग कर्मचाऱ्याला, आस्थापनेवर अवाजवी बोजा न पडता करता येईल अशी योग्य ती सोय करून देण्याचे बंधन शासकीय आस्थापनांवर घालतो. सरकते उद्वाहन बसविण्यास लाखो रुपये लागतात. मऊ कॉलरला काय लागते?

परंतु केवळ प्रमाणपत्रावर हा प्रश्न सोडवू नये, असे माझे मत आहे. प्रौढ वयात पोहोचलेल्या असंख्य स्वमग्न व्यक्तींचे निदानच झालेले नाही. विशेषतः लहान गावांत, आणि मुलींच्या बाबतीत तर अधिकच. शाळेत त्यांना हट्टी म्हटले गेले, सासरी नखरेल म्हटले जाते. प्रमाणपत्र मागून सवलत देण्याचा नियम अशांच्या काहीच उपयोगी पडणार नाही. त्यापेक्षा नियमच असा लिहावा की त्यात काय दिसावे एवढेच सांगितलेले असेल. कोणत्या कापडाचे, किती घट्ट, खोवलेले की न खोवलेले, हे घालणाऱ्यावर सोपविलेले असेल. 'उद्या प्रत्येक जण माझी त्वचा नाजूक आहे असे म्हणेल,' हा आक्षेप मी ऐकून आहे. म्हणू द्यावे. प्रत्येक शिक्षक स्वच्छ, इस्त्री केलेल्या, मऊ सुती सदऱ्यात वर्गावर आला तर शाळेचे नेमके काय बिघडेल, हे आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा सांगावे.

लग्नघराला परिपत्रक लागू होत नाही. तेथे शालू, शेला, मुंडावळ्या, हळदीचा ओला लेप, मनगटाला चोळलेले अत्तर, वाजंत्री आणि अंगावर पडणाऱ्या अक्षता हे सारे एकाच वेळी येते. मुंडावळ्यांच्या सरी तर दोन्ही कानशिलांशी सतत हलत राहतात. स्वमग्न वधू वा वराला हे सोसत नसेल तर मुंडावळ्या मंगलाष्टकांपुरत्या बांधाव्यात आणि लगेच सोडाव्यात; हळद बोटाने लावावी, थापू नये; शालू विधीपुरता नेसवून नंतर सुती साडी द्यावी. गुरुजींना आधी सांगून ठेवले तर बहुतेक गुरुजी हे समजून घेतात. समजून घेत नाहीत ते नातेवाईक. त्यांच्यासाठी वधूच्या आईने किंवा वराच्या मामाने पुढे होऊन 'आम्हीच तसे ठरविले आहे' एवढे म्हटले तरी पुरते. त्या मुलीला वा मुलाला स्वतःच्या त्वचेची कैफियत पाहुण्यांपुढे मांडावी लागू नये.

आणि कचेऱ्यांपुरते बोलावयाचे तर सुरुवात अगदी लहान जागेपासून करता येईल. मुलाखतीच्या पत्रात 'उमेदवाराने औपचारिक पोशाखात उपस्थित राहावे' अशी ओळ पुष्कळदा छापलेली असते. तिच्या जागी 'उमेदवाराने स्वच्छ व नीटनेटक्या पोशाखात उपस्थित राहावे. टाय, कोट व बूट आवश्यक नाहीत' अशी ओळ घालावी. त्यासाठी शासननिर्णय लागत नाही आणि खर्चही येत नाही. पत्राचा मसुदा तयार करणाऱ्या कारकुनाने ती लिहावी आणि साहेबांनी त्यावर सही करावी, एवढेच लागते.